हलवायाच्या घरावर ‘अलाऊ’

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत खासगी गोष्ट म्हणजे अजून मिरजकर तिकटीपर्यंत न पोहोचलेली गोष्ट. तिथवर जायला तिला साधारण एका चहाचा वेळ लागतो. सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला कोपरा गाठेपर्यंत चौघं तरी “काय, कुठं?” म्हणून विचारतात. पाचवा विचारत नाही. तो नुसता पिशवीकडं बघतो आणि ओळखतो, की रविवार नसताना गडी मटण आणायला निघालाय, म्हणजे घरी पाहुणे आलेत, म्हणजे थोरलीचं जमत आलंय. माणसाच्या हालचालीवरून त्याच्या मनातलं ओळखायला फेसबुकला हजारो इंजिनिअर पोसावे लागतात. पेठेत हे काम एक पानपट्टी आणि तिच्यासमोरचं एक बाकडं करतं.

अशा या पेठेत अलीकडं एक प्रश्न वरचेवर ऐकू येतो : “हे नवीन ॲप टाकलं तर सेफ आहे काय?”

ॲप इथं कुणी ‘डाउनलोड’ करत नाही, ‘टाकतात’. तंबाखू तोंडात टाकावी तसं, बोलता बोलता, फारसा विचार न करता. आणि सुरक्षिततेबद्दलच्या वरच्या प्रश्नाचं उत्तरही ठरलेलं असतं : “मी टाकलंय की.” एवढ्यावर समोरच्याचं समाधान होतं. पतसंस्थेचं कर्जसुद्धा याच पायावर उभं असतं; फक्त तिथं जामीनदाराची सही घेतात.

प्रश्न विचारणारा जरा नीट बघितला, तर मात्र हसू येतं. याच माणसाच्या वाढदिवसाचा वीस फुटी डिजिटल फलक मागच्या महिन्यात चौकात झळकत होता. वर गॉगल लावलेला फोटो, त्याखाली टोपणनाव, तारीख, तालमीचं नाव आणि अगदी तळाला ‘शुभेच्छुक’ म्हणून चाळीस मित्रांचे पासपोर्टएवढे चेहरे. चेहरा, जन्मतारीख, ठावठिकाणा आणि मित्रांची संपूर्ण यादी, सगळं एका बांबूच्या चौकटीत. जगातल्या कुठल्याही चोरट्याला ही माहिती गोळा करायला दोन दिवस लागले असते; इथं ती स्वखर्चानं छापून टांगलेली.

फलक निदान आठवड्यात उतरतो. लग्नाचा बायोडेटा कधीच उतरत नाही. ज्या काकू ॲपनं जन्मतारीख विचारली म्हणून फोन सोफ्यावर उलटा टाकतात, त्यांनीच मुलीची जन्मतारीख, मिनिटापर्यंतची जन्मवेळ, जन्मगाव, रक्तगट, उंची, पगार, भावाची नोकरी आणि गावाकडच्या शेतीचं क्षेत्र असा ऐवज चार वधू-वर ग्रुपांवर स्वहस्ते पाठवलेला असतो. त्यात ‘मामाचे कूळ’ हा रकाना हवाच. बँकांनी ओळख पटवायला वर्षानुवर्षं एकच गुप्त प्रश्न विचारला : आईचं माहेरचं आडनाव काय? मराठी घरात या प्रश्नाचं उत्तर मुलाच्या फोटोखाली, ठळक अक्षरांत, गणपतीच्या चित्रासह छापलेलं असतं.

एवढं असूनही पेठेची भीती खोटी म्हणता येत नाही. पेठेला कुणी बघण्याचं वावडं नाही. बघणारा कोण, हे आपल्याला दिसलं पाहिजे, इतकीच तिची अट. पेठेला खेटूनच खासबाग मैदान आहे. राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं हे कुस्तीचं मैदान १९१२ साली खुलं झालं. मधोमध हौदा, भोवती चढत गेलेली बैठक, नजरेच्या आड येणारा एकही खांब नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाची पाठ टेकली की नाही ते दिसतं. हजारो डोळे एका लंगोटावर रोखलेले. पण हौद्यातल्या पैलवानालाही मान वर केली की सगळे दिसतात, आणि शिट्टी कुणी मारली हे तो बाहेर येऊन विचारू शकतो. खासबागेला समजा सगळीकडून काळी काच बसवली आणि पैलवानाला आत एकट्याला लढायला सोडलं, तर जे होईल ते म्हणजे आजचं सोशल ॲप.

या बाबतीत ऑर्कुट हे जुनं सोशल संकेतस्थळ पेठेच्या स्वभावाचं होतं. जानेवारी २००४ मध्ये गूगलच्या एका तुर्की इंजिनिअरनं ते स्वतःच्या नावानं सुरू केलं आणि ब्राझील-भारतात त्यावर उड्या पडल्या. तिथं तुमच्या पानावर कोण डोकावून गेलं त्यांची नावं दिसत. डोकावणं लपवायची सोयही होती, पण मग तुमच्याकडं कोण डोकावलं तेही दिसेनासं होई. वाड्याच्या खिडकीचा हा साधा न्याय : पडदा ओढलास तर तुलाही गल्ली दिसणार नाही. व्हॉट्सॲपच्या ‘लास्ट सीन’ला आणि निळ्या टिकल्यांना आजही हाच नियम आहे, आणि म्हणूनच पेठेत लास्ट सीन लपवणारे फार नाहीत. स्वतःची चोरी लपवण्यापेक्षा दुसऱ्याची पकडण्यात इथं जास्त रस. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झालं, तेव्हा कॉलेजच्या वयातली बरीच गुपितं त्याच्याबरोबर गेली आणि काही संसार त्यामुळं सुखाचे झाले.

त्याच ऑर्कुटवरून महाराष्ट्रात एक असं प्रकरण घडलं, की जे सांगताना चेष्टा सुचत नाही. २००७ साली शिवाजी महाराजांचं विटंबना करणारं चित्र टाकल्याच्या संशयावरून पुणे पोलिसांनी बंगळूरहून एका तरुण इंजिनिअरला उचललं. चित्र ज्या आयपी पत्त्यावरून चढवलं गेलं, तो कुणाचा, याची माहिती इंटरनेट कंपनीनं चुकीची दिली होती. त्या तरुणाचे पन्नास दिवस तुरुंगात गेले. गल्लीत नाव चुकून भलत्याच माणसाला लोक जाब विचारायला जातात, तेव्हा दारात येऊन त्याची आई विचारते, “कोण पाहिजे तुमाला?” आणि दोन मिनिटांत घोळ मिटतो. आयपी पत्त्याला आई नसते.

आता मुख्य दुखण्याकडं यायचं. नवं ॲप टाकलं की ते पहिल्या दोन-तीन वाक्यांतच विचारतं, तुमच्या फोनमधली नावांची यादी बघू का? खाली दोन बटणं. ‘अलाऊ’ मोठं आणि रंगीत, ‘डोन्ट अलाऊ’ पाप केल्यासारखं फिकट. माणूस अलाऊ म्हणतो. त्याला वाटतं आपण आपली माहिती दिली. त्यानं दिलेली असते सहाशे-सातशे इतरांची : बोर्डाचा वायरमन, गॅसवाला, म्हशीचं दूध, गुडघ्याचे डॉक्टर, कोर्टातलं काम बघणारे वकील, बायकोची मैत्रीण, जुना घरमालक. यांतल्या एकालाही कुणी विचारलेलं नसतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून पुण्य मिळवायची युक्ती मराठी माणसाला पूर्वीपासून ठाऊक होती. सिलिकॉन व्हॅलीनं तिला फक्त बटण बसवलं.

क्लबहाउसचं उदाहरण यात सगळ्यांत मजेशीर. २०२० मध्ये आलेलं हे नुसतं बोलायचं ॲप सुरुवातीला फक्त आयफोनवर चालायचं, आणि आत शिरायला कुणाचं तरी आमंत्रण लागायचं. दुसऱ्याला आमंत्रण द्यायचं तर आधी फोनमधली यादी त्याच्या हवाली करायची. मग ते यादीतल्या न आलेल्या माणसांपुढं आकडा दाखवायचं, की या व्यक्तीचे इतके मित्र आधीच इथं आहेत. ज्याचा नंबर सर्वांकडं, त्याचे मित्र सर्वांत जास्त, असा त्या यंत्राचा हिशेब. हा हिशेब पेठेला लावला तर सर्वांत लोकप्रिय व्यक्तिमत्त्व निघतो बोर्डाचा वायरमन. त्यानं ते ॲप बघितलेलं नाही, त्याच्याकडं साधा फोन आहे, आणि लाइट गेल्याशिवाय त्याची कुणाला आठवणही येत नाही. तरी परदेशातल्या एका कंपनीच्या दप्तरी तो मंगळवार पेठेचा अनभिषिक्त राजा. पुढं मार्च २०२१ मध्ये कंपनीनं ही यादीची सक्ती काढली आणि मे महिन्यात अँड्रॉइडवाल्यांना भारतात दार उघडलं. तोवर लॉकडाऊनमध्ये फुकट बोलायची हौस बऱ्यापैकी फिटली होती.

त्याआधीचं साराहा आणखी नमुनेदार. सौदी अरेबियातून आलेल्या या ॲपवर कुणालाही निनावी निरोप पाठवता यायचा. नावाचा अर्थच मुळी ‘स्पष्टपणा’. २०१७ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात पोरापोरींनी त्यावर आपापली पानं उघडली. निनावी लिहिण्यात कोल्हापूरकराची मोठी अडचण अशी, की ‘लई शाना समजतोस व्हय’ असं लिहिलं की लिहिणारा निदान कोणत्या गल्लीतला ते लगेच कळतं. एकच सवलत : कोल्हापुरात बायकाही ‘मी येतो’, ‘मी जातो’ असंच बोलतात, त्यामुळं ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ हे वाचून समोर नक्की कोण आहे याचा पत्ता लागत नाही. जगातलं कुठलंही एन्क्रिप्शन नसताना ही सोय बोलीनंच करून ठेवलेली आहे. मात्र ऑगस्टअखेर एका सुरक्षातज्ज्ञानं दाखवून दिलं, की निरोप निनावी असले तरी ॲप लोकांच्या फोनमधली नंबरांची यादी गुपचूप आपल्या सर्व्हरवर चढवतंय. पुढं कधीतरी मित्र शोधून द्यायची सोय काढायची होती, त्यासाठी ते केलं, असा खुलासा त्याच्या कर्त्यानं केला. आणि योगायोग असा, की त्याच आठवड्यात, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं निकाल दिला होता, की खासगीपणा हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. दिल्लीत हक्क मिळत होता आणि खिशात यादी चढत होती.

दुसऱ्याच्या अलाऊचा हिशेब कितीपर्यंत जातो, त्याचा एक अस्सल आकडा उपलब्ध आहे. फेसबुकवरून उचललेली माहिती वापरणाऱ्या केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण फुटलं तेव्हा, एप्रिल २०१८ मध्ये, फेसबुकनं भारतापुरती माहिती दिली. ‘तुमचा स्वभाव ओळखा’ छापाचं ते प्रश्नावलीचं ॲप भारतात टाकलं होतं ३३५ जणांनी. तालमीच्या महाप्रसादाला पहिल्या दोन पंगतींत उठतील एवढी ही माणसं. पण ॲपनं त्यांच्याबरोबर त्यांच्या मित्रांचीही माहिती उचलली असण्याची शक्यता होती, आणि अशा सगळ्यांची बेरीज कंपनीनंच सांगितली ती ५,६२,४५५. म्हणजे एकेकानं सरासरी सोळाशेहून जास्त माणसं दावणीला बांधून नेली. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ भरली होती. दोन पंगतींतल्या माणसांनी, आपण चिडके की प्रेमळ हे बघण्याच्या नादात, एक सबंध कोल्हापूर देऊन टाकलं आणि वर तेरा हजार माणसं वरकड घातली. त्या पाच लाखांतल्या कुणी काय चूक केली होती? त्यांची ३३५ पैकी कुणाशी तरी ओळख होती.

ट्रूकॉलरची गोष्ट याच्या उलट दिशेनं जाते. २००९ साली स्टॉकहोममध्ये सुरू झालेल्या या कंपनीचा सर्वांत मोठा बाजार भारत. अनोळखी फोन कुणाचा हे ती सांगते, आणि नंबराला नाव पुरवण्यात लोकांचाच हातभार असतो. त्यामुळं तुमचं नाव काय हे तुमच्या आईवडलांनी बारशाला ठरवलं असलं, तरी जगाला दिसणारं नाव ‘प्लॉटवाला’, ‘बारका पंक्चर’ किंवा ‘उधारी, देऊ नको’ असं असू शकतं. यूपीआयनं मात्र नेमका उलटा धक्का दिला. पैसे पाठवताना बँकेतलं खरं नाव पडद्यावर येतं. तीस वर्षं ज्याच्याकडं पान खाल्लं, त्या टोपणनावाच्या गड्याचं पूर्ण नाव तीन शब्दांचं आणि भारदस्त आहे हे पेठेला स्कॅनर लागल्यावर कळलं. त्या दिवशी काही गिऱ्हाइकांनी त्याला प्रथमच ‘अहो’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत.

जानेवारी २०२१ चं व्हॉट्सॲपचं वादळ पेठेला अजून आठवतं. नव्या अटी ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, असा संदेश आला आणि घराघरात खलबतं सुरू झाली. पलीकडं इलॉन मस्कनं ‘सिग्नल वापरा’ एवढंच लिहिलं आणि इकडं काकांनी कुटुंबाच्या ग्रुपवर निर्वाणीचा संदेश टाकला, की आपली माहिती परदेशात जात असल्यानं आजपासून सर्वांनी सिग्नलवर भेटावं. हा संदेश त्यांनी व्हॉट्सॲपवरच टाकला, त्याला पर्याय नव्हता. सिग्नलवर सगळे जमले, एकमेकांना ‘गुड मॉर्निंग’ झाली, आणि १५ जानेवारीला गर्दीच्या भारानं सिग्नलच झोपला, जवळजवळ एक दिवस. व्हॉट्सॲपनं तोवर भारतातल्या वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन ‘तुमच्या खासगीपणाचा आम्हाला आदर आहे’ असं सांगितलं आणि मुदत १५ मेपर्यंत वाढवली. सगळे परत आले. काकाही आले, पण ‘ग्रुप सोडला’ अशी ओळ खाली कायमची राहिली. पुढं नोव्हेंबर २०२४ मध्ये याच अटींवरून भारतीय स्पर्धा आयोगानं मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. काकांनी ती बातमी त्याच ग्रुपवर पाठवली.

या अटी कुणी वाचत नाही, यात पेठेला दोष देण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोन महिला संशोधकांनी २००८ साली हिशेब मांडला, की माणसानं वर्षभरात भेट दिलेल्या सगळ्या संकेतस्थळांची गोपनीयता धोरणं वाचायची म्हटली तर दोनशेहून अधिक तास लागतील. एवढ्या वेळात खासबागेशेजारची मिसळ किती वेळा खाऊन होईल, याचा हिशेब त्यांनी केलेला नाही.

मग आलं अराट्टाई. चेन्नईच्या झोहो कंपनीचं हे ॲप खरं तर २०२१ चं, पण २०२५ च्या सप्टेंबरअखेर स्वदेशीच्या लाटेवर ते असं चढलं, की दिवसाला तीन हजार नवे लोक यायचे ते तीन दिवसांत साडेतीन लाखांवर गेले, असं कंपनीचे श्रीधर वेंबू यांनी जाहीर केलं. तमिळमध्ये अराट्टाई म्हणजे निवांत गप्पा. पेठेत त्याचा उच्चार पहिल्या दिवशी ‘अरे ताई’ असा झाला. तेव्हा त्यावरचे कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड होते, लिहिलेले निरोप मात्र नव्हते. म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणालाही, अगदी कंपनीलाही, मजकूर वाचता येऊ नये अशी तजवीज निरोपांना अजून व्हायची होती. पेठेला हा मुद्दा समजावून सांगणं अवघड गेलं. इथं मधल्या माणसानं न वाचता निरोप पुढं गेला, तर तो पोहोचला असं धरत नाहीत.

त्याच महिन्यात साड्यांचं वेड आलं. गूगलच्या जेमिनीला आपला फोटो द्यायचा आणि बदल्यात शिफॉनच्या साडीतला, वाऱ्यावर पदर उडणारा, जुन्या सिनेमातला फोटो घ्यायचा. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतः कॅमेरा घडवून १९२० साली ‘सैरंध्री’ काढला, तिथं ही हौस न पसरली तरच नवल. मग एका तरुणीनं इन्स्टाग्रामवर सांगितलं, की आपण पूर्ण बाह्यांतला फोटो दिला होता, तरी साडीतल्या चित्रात हातावरचा खरा तीळ कसा आला? देशभर एकच चर्चा. पेठेतल्या मावश्यांना त्यात विशेष वाटलं नाही; कुणाच्या कुठल्या हातावर तीळ आहे हे बारशाला पाळण्याची दोरी धरलेल्या प्रत्येकीला पाठ असतं. फरक एवढाच, की मावशीला “तुला कसं गं माहीत?” असं विचारता येतं आणि ती न विचारलेल्या आणखी चार गोष्टीही सांगते. यंत्र गप्प बसतं.

सरकारनं मधल्या काळात कायदा केला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यापुढं अठरा महिन्यांनी लागू होतील असं ठरलं. हलगर्जीपणाला २५० कोटींपर्यंत दंड आहे. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायचा पर्याय द्यावा लागणार आहे. ती मराठी कसली असेल याची कल्पना सरकारी फॉर्म भरलेल्यांना आहे. ‘तुमची यादी घेतोय, चालतंय न्हवं?’ एवढं साधं लिहायचं धाडस कुठलीही कंपनी करणार नाही. मजा कायद्याच्या अपवादांत आहे. एखाद्या व्यक्तीनं वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती कायद्याच्या कक्षेबाहेर. म्हणजे पानपट्टीसमोरचं बाकडं सुटलं. आणि माणसानं स्वतःच चारचौघांत जाहीर केलेली माहितीही बाहेर. म्हणजे फलकही सुटला. संसदेत हा मसुदा वाचताना कुणीतरी पेठेची बाजू मांडली असावी असा संशय येतो.

परवा रात्री तालमीच्या ग्रुपवर पुन्हा एक दुवा आला. खाली ओळ : “लई भारी आहे, टाका सगळ्यांनी.” पाठोपाठ अंगठे. एक जण मात्र सावध निघाला. त्यानं लिहिलं, “कॉन्टॅक्ट मागतंय. सेफ आहे काय बघा आधी. उगंच घाई करू नका.” कुणीतरी उत्तर दिलं, “मी टाकलंय की.” पुढं कुणी काही लिहायच्या आत पानपट्टीसमोरच्या बाकड्यावर बसलेल्या अकरा जणांच्या फोनमध्ये एकदम टुंग झालं. तुमच्या ओळखीची एक व्यक्ती नव्या ॲपवर आली आहे, तिचं स्वागत करा. आलेला माणूस तो सावध प्रश्नकर्ताच होता. प्रत्येकाच्या फोनवर त्याचं नाव ज्यानं त्यानं जतन केलेलं दिसत होतं : कुणाकडं ‘भावा’, कुणाकडं ‘दाजी’, कुणाकडं ‘एलआयसी’. आणि ज्याच्या फोनकडं त्या क्षणी तो स्वतः वाकून बघत होता, त्याच्याकडं ‘उधारी, देऊ नको’.